दातवाल्या मथुताई

इस्माईल तांडेलाचा मचवा रत्नागिरीहून जयगडला माल घेऊन आला की तो घरी जाताना आमच्या शाळेच्या पायरीवर टेकायचा, पाणी मागायचा आणि बंदरावरच्या चार गोष्टी सांगायचा. त्या दिवशी तो टेकला नाही. अंगणातच उभा राहून खांद्यावरचा पंचा हातात पिळत राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "बाई, आपल्या दातवाल्या ताई गेल्या हो." कधी, कशानं, जवळ कोण होतं, त्याला काहीच नीट माहीत नव्हतं. ताप आला होता एवढंच बंदरावर कळलं होतं. तोही त्यांचा रोगी. बोलताना आपल्या गालावर हात फिरवत होता, जणू आतले दात जागेवर आहेत ना ते पाहत होता. आत मुली पाढे म्हणत होत्या. मी वर्गात परत गेले आणि तास पुरा केला... तो कसा केला ते आठवत नाही.

त्याला आता महिना होऊन गेला. डॉक्टर मथुराबाई असं पाटीवर नाव असलं तरी रत्नागिरीत त्यांना कुणी डॉक्टर म्हटलं नाही. बायका मथुताई म्हणत, बंदरावरचे लोक दातवाल्या ताई. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्या विधवा झाल्या. थोरले भाऊ नोकरीनिमित्त कलकत्त्याला होते, त्यांनी बहिणीला तिकडे नेलं. तिथल्या दातांच्या कॉलेजात बायकांना घेत होते. ताई शिकल्या, आणि थोरले भाऊ वारल्यावर रत्नागिरीला धाकट्या भावाकडे परत आल्या. केस राखलेले, अंगावर पांढरं लुगडं आणि हातात शिसवी पेटी. त्या पेटीत बारीक, टोकाशी वाकवलेली हत्यारं होती. पडवीशेजारच्या खोलीत त्यांनी दवाखाना मांडला.

जगाच्या तोंडाला कोण हात लावणार, असं आपण म्हणतो. ताईंनी नेमका तोच धंदा पत्करला, आणि जगानंही मग त्यांच्यावर तोंड सोडलं. विधवा बाई, ब्राह्मणाच्या घरची, आणि साऱ्या जातींच्या उष्ट्या तोंडात बोटं घालते! भावजयीनं त्यांच्यासाठी पाण्याचं भांडं वेगळं ठेवलं होतं. रोगी पाहून झाल्यावर आंघोळ केल्याखेरीज ताईंना माजघरात पाऊल टाकता येत नसे. त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी एक अक्षर कधी ऐकलं नाही. बायका मात्र येत. पुरुषासमोर आ करायला ज्या मेल्या असत्या तरी तयार झाल्या नसत्या, त्या पदर तोंडाशी धरून मागच्या दारानं येत.

मीही मागच्या दारानंच गेले. मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मला नुकतं विसावं लागलं होतं. सासर सावर्ड्याचं, नवरा मुंबईला छापखान्यात. लग्नानंतर वर्षाभरात माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आधी चूळ भरताना, मग भाकरी चावताना, मग नुसती सकाळी उठले तरी उशीला डाग. हिरड्या दाबल्या की पू येई. वरचे पुढचे दात हलायला लागले, त्यांच्यात फट पडली. आणि वास... त्याच्याबद्दल लिहितानाही हात अडखळतो. मी बोलायला लागले की जाऊ मान वळवायची. मग मी बोलणंच सोडलं. शेवटी सासूबाईंनी मला माहेरी रत्नागिरीला पाठवलं आणि बरोबर निरोप दिला, की शिमग्याला मुलगा मुंबईहून येईल तेव्हा आम्ही येऊन पाहू, पोरीचं तोंड सुधारलं असेल तर नेऊ. नसेल तर काय, हे निरोपात नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

तात्या, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून होते. त्यांनी मला गावातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी पाहिलं आणि हळहळून सांगितलं, हा पायोरिया आहे, ह्याचं विष सगळ्या अंगात भिनतं, सांधे धरतात, हृदय बिघडतं. सगळे दात काढून टाकणं हाच उपाय. त्या काळी पुष्कळ डॉक्टर तेच सांगत. तात्यांनी दिवस ठरवला. मी घरी येऊन आरशात पाहिलं आणि विसाव्या वर्षी बोळकं झालेलं माझं तोंड मला दिसायला लागलं. रडू आलं नाही. आई तिथंच तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी तात्या कोर्टात गेल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं, मला म्हणाली, पदर घे, आणि मागच्या गल्लीनं मला मथुताईंकडे घेऊन गेली.

ताईंनी मला पूर्वेच्या खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं. डोकं टेकायला मागे सुताराकडून एक फळी बसवून घेतली होती. एक बारीक, बोथट टोकाची सळी घेऊन त्या प्रत्येक दाताच्या कडेनं हिरडीच्या आत हळूच उतरवायला लागल्या. कुठं ती थोडीशीच जाई, कुठं इतकी खोल की मला ती हाडाशी टेकल्यासारखी वाटे. दोन्ही बाजू झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि आईला नाही, मला सांगितलं, "तुझे दात किडलेले नाहीत. होडीच्या बुडाला पाण्याखाली शिंपल्या धरतात ना, तसं तुझ्या दातांच्या मुळांना हिरडीखाली किटण धरलंय. वरून दिसत नाही. ते मुळाशी आहे तोवर हिरडी त्याला चिकटणार नाही, पू होणार, हाड झिजणार. होडी ओढून घेतात, खरवडतात. मोडून टाकत नाहीत." मग म्हणाल्या, "मात्र सगळे वाचतील असं मी म्हणत नाही. मागचे दोन जाणारच. आणि हिरड्या बऱ्या झाल्या की आक्रसतील, दात लांब दिसतील. ते आत्ताच ऐकून ठेव."

तात्यांना हे कळलं. त्याच संध्याकाळी ते स्वतः ताईंकडे गेले. परत आले ते विचारात. शिमग्यापर्यंत सवड द्यायची, असं ठरलं होतं. डॉक्टरांना त्यांनी जाऊन सांगितलं, तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, पण म्हणाले, हिरड्यांत असं कोरल्यानं विष रक्तात मिसळायचा धोका आहे. पोरीला ताप आला तर क्षणभर थांबू नका. ते वाक्य तात्यांनी मनात धरून ठेवलं. रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी ते माझ्या कपाळाला हात लावून पाहू लागले.

ताई एका बैठकीत तोंडाचा एकच भाग करीत. हत्यारं स्टोव्हवर उकळत असायची. खोलीत लवंगेच्या तेलाचा आणि कार्बोलिकचा वास. टोचून हिरडी बधिर केली की दुखत नसे, पण आवाज मात्र कवटीतच होई... खर्र खर्र, कुणी आपल्या हाडावर काचेनं लिहावं तसा. हिरडीखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. ताई तर कधीकधी डोळे मिटूनच घेत. सगळं लक्ष बोटांच्या टोकांत. हत्यार आत उतरवायचं, मुळाला टेकवायचं, वर ओढायचं, पुन्हा उतरवायचं. पांढऱ्या फडक्यावर काळे-हिरवे कण जमत. मग कधीतरी तो खरखरीत आवाज बदले, गुळगुळीत होई, हत्यार मुळावरून नुसतं घसरे. तेव्हा त्या डोळे उघडून म्हणत, हे झालं. मशेरी त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा, मऊ काडी, आणि दातांमधून फिरवायला रेशमाचा दोरा, एवढं घरी करायचं. मी देवाचं करावं तसं करीत होते.

बधिर करायचं औषध मुंबईहून आगबोटीनं यायचं. एकदा पार्सल आलंच नाही. शिमगा जवळ येत चालला होता. ताईंनी मला रिकामी डबी दाखवली आणि म्हणाल्या, थांबायचं का तू ठरव. मी आ केला. त्या दिवशी खुर्चीच्या हातांवर माझ्या नखांचे ओरखडे उठले. आई खिडकीशी पाठ करून उभी होती. ताईंच्या कपाळावर घाम साचला होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता. एकदाच त्या थांबल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तू रडलीस तरी चालेल. मान तेवढी हलवू नकोस." मी मान हलवली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी उठले तर डावा जबडा सुजलेला, गाल दगडासारखा घट्ट आणि अंग तापलेलं. तात्यांनी कपाळाला हात लावला आणि तो लगेच मागे घेतला. ते गाडी सांगायला बाहेर पडले. आईनं शेजारच्या मुलीला ताईंकडे धाडलं. गाडी दारात येऊन उभी राहिली, बैल सोडलेही नव्हते, आणि ताई आल्या. भर सकाळी, पुढच्या दारानं, हातात ती शिसवी पेटी. आळीतल्या बायका ओट्यांवर येऊन पाहत होत्या. तात्या दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, झालं तेवढं पुरे झालं, आता पोरीला हात लावायचा नाही.

ताई पायरीखालीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तात्या, चूक माझी आहे. एका मुळाशी किटण माझ्याकडून राहून गेलं. वरून हिरडी मिटली आणि पू आत कोंडला. डॉक्टरांकडे नेलंत तर ते दात काढतील, पू वाहून जाईल, पोरीला उतार पडेल. त्यात खोटं काही नाही. पण मग ते सगळेच काढतील. मला इथं तुमच्यासमोर एकदा पाहू द्या. उद्या सकाळपर्यंत ताप उतरला नाही, तर मी स्वतः तिला त्यांच्याकडे आणते आणि माझी चूक त्यांना सांगते."

तात्या दारातून हलले नाहीत. मी आतून पाहत होते, गालात ठणका घणासारखा पडत होता, आणि मला फक्त एवढंच कळत होतं की आता कुणीतरी काहीतरी ठरवावं. ठरवलं आईनं. तिनं भिंतीवरचा आरसा काढला, तात्यांच्या बाजूनं वाट काढत ओटीवर गेली आणि उन्हाच्या दिशेनं आरसा धरून उभी राहिली. तात्यांच्या आधी तिनं काही केलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. उन्हाचा कवडसा ओटीवर पडला. मी जाऊन त्यात बसले.

ताईंनी काय केलं ते मला आतून कळलं, बाकीच्यांना बाहेरून दिसलं. हिरडीच्या कडेनं काहीतरी आत गेलं, एक जीवघेणी कळ मस्तकात चढली आणि मग तोंडात कढत, कडवट असं काहीतरी भरलं. आईच्या आरशातला कवडसा माझ्या डोळ्यांवर येत होता, पुन्हा तोंडावर जात होता. ताई म्हणाल्या, अजून थोडं. मग ते खोल उतरणारं हत्यार, खर्र... पुन्हा खर्र... आणि फडक्यावर तिळाएवढा एक काळा कण. ताईंनी तो तात्यांना दाखवला. तात्यांनी वाकून पाहिला. गाडीवान अजून दारात होता. तात्यांनी त्याला जायला सांगितलं, पण ताईंना आत बसा म्हणाले नाहीत. त्या दिवसभर ओटीवरच बसून होत्या. तासातासानं मला चूळ भरायला लावत, कपाळाला हात लावत, पुन्हा बाहेर जाऊन बसत. संध्याकाळी अंगाला घाम फुटला. दुसऱ्या सकाळी ताप नव्हता. तात्यांनी आईला सांगितलं, मथुताईंना चहा दे. आमच्या घरात ते वाक्य साधं नव्हतं.

शिमग्यापर्यंत मागचे दोन दात गेले, ताई म्हणाल्या होत्या तसे. बाकीचे घट्ट झाले. रक्त थांबलं, हिरड्या फिकट गुलाबी झाल्या. मी पुन्हा बोलायला लागले. सकाळी विहिरीवर शेजारणीशी बोलताना तिनं मान वळवली नाही, तेव्हा मी भरलेली घागर तिथंच विसरून घरी आले. पालखी घरोघरी फिरत होती त्या दिवसांत सासूबाई आणि माझा नवरा आले. पाणी, गूळ झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, आ कर. मी तात्यांसमोर, नवऱ्यासमोर, बाजारातल्या जनावरासारखी आ करून बसले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, हिरड्या उतरल्यात, दात लांब झालेत. माझा नवरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो खाली पाहत म्हणाला, "आई, वास नाही येत आता." सासूबाई म्हणाल्या, आज नाही, उद्याचं कोण सांगणार, पोरंबाळं झाली की पुन्हा ढिले होतील, आणि मुली झाल्या तर त्यांनाही हेच. त्यांना चिपळूणकडची एक मुलगी सांगून आली होती. ते आधीच ठरलं होतं हे तेव्हा आम्हाला कळलं. नवरा उठला. तो वाकून वहाणा घालत होता तेवढा वेळ मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्यानं वर पाहिलं नाही.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या. मी अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मला समजावलं नाही, दैवाला दोष दिला नाही. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुझे दात राखायला घेतले होते. संसार माझ्या हातात नव्हता. पण पोरींना त, थ, द, ध शिकवायला पुढचे दात लागतात. ते तुझे आहेत." मी लग्नाआधी मराठी पाचवीपर्यंत शिकले होते. ताईंनीच पुस्तकं आणून दिली, परीक्षेला बसवलं. ती दोन-तीन वर्षं मी सकाळी त्यांच्या खिडकीशी आरसा धरायला उभी राहायची आणि दुपारी अभ्यास करायची. मग जयगडच्या मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली. दर दिवाळीला मी रत्नागिरीला जायची. सण तात्यांच्या घरी, आणि दुसऱ्या दिवशी ताईंच्या खुर्चीत. हा आजार जन्माचा आहे, एकदा खरवडलं म्हणजे संपलं असं नाही, असं त्या म्हणत. या दिवाळीला त्यांनी चष्मा लावला होता. हात तसाच होता.

बातमीनंतर पहिल्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. भावजयीनं मला माजघरात नेऊन सगळं सांगितलं. एका बाईची मुळं साफ करताना तिनं कळ लागून मान झटकली, हत्यार निसटलं आणि ताईंच्याच अंगठ्यात खोल गेलं. त्यांनी तो कार्बोलिकनं धुतला, पट्टी बांधली आणि त्या बाईची ती बाजू पुरी करूनच उठल्या. दुसऱ्या दिवशी हात सुजला. तांबडी रेघ मनगटावरून वर चढायला लागली. मोठे डॉक्टर, तेच ते, दोन्ही वेळा येऊन जात होते. त्यांनी हात चिरून पाहिला, रात्रंदिवस शेक दिला. रेघ काखेपर्यंत गेली... शुद्ध होती तोवर ताई एकच म्हणत राहिल्या की कुणामुळं काही झालं नाही, माझाच हात घसरला. सांगताना भावजय रडली नाही. पण आपल्या पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी दवाखान्याच्या खोलीत गेले. कुणी काही हलवलं नव्हतं. सकाळचं ऊन खुर्चीवर आलं होतं. हत्यारं धुऊन फडक्यावर ओळीनं ठेवलेली होती. ती कुणी धुतली ते मी विचारलं नाही. तेवढ्यात मागच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. खाडीपलीकडची एक खारवीण होती, काखेला माशांची टोपली, पदर गालाशी धरलेला. मला म्हणाली, "ताई हायत काय? उजवी बाजू झाली माझी, डावी ऱ्हायलीय. घरात आजारपण होतां म्हणून येवक जमला नाय." मग आवाज खाली आणून, "त्या दिशी माझ्यामुळं त्यांच्या बोटाला लागला. बरा झाला काय बोट?"

भावजय माझ्या मागे उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. तिनं ते ऐकलं होतं. मला मागे वळून पाहायचा धीर होईना. मी त्या बाईला म्हटलं, ताई गेल्या. तिनं टोपली खाली ठेवली. कशानं, असं तिनं विचारलं, आणि उत्तराच्या आधीच तिच्या चेहऱ्यावर एक भीती उतरायला लागली. मी म्हणाले, "थंडीतापानं. गावात साथ होती." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, भावजयीकडे. आता ही काय बोलते...

भावजय म्हणाली, "हो, साथच होती." ती आत गेली आणि घरातल्या तांब्यातून पाणी घेऊन आली. त्या बाईनं ओंजळ पुढं केली, तर तिनं मान हलवून तांब्याच तिच्या हातात दिला. बाई पायरीवर बसली. डोळ्यांना पदर लावला, काढला, आणि मग पाणी प्यायली. पिताना तिनं मान एका अंगाला कलती केली, उजवीकडे... जी बाजू झाली होती तिकडे.